वेंगसरकरच का?

गावसकर आणि तेंडुलकर ज्या मुंबईनं दिले, त्या मुंबईत राहून तुमचे सर्वांत लाडके क्रिकेटर दिलीप वेंगसरकर कसे, असं मला नेहमी विचारलं जातं. विचारणाऱ्यांना वाटतं, मी आता लंडनच्या लॉर्ड्स मैदानाचं पुराण लावणार. लावायला माझी हरकत नाही. १९७९, १९८२ आणि १९८६, तीन दौरे आणि तीन कसोटी शतकं. परदेशातून आलेल्या कुठल्याही फलंदाजाला तोवर तिथं हे साधलं नव्हतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून खरं कारण सांगते. ते १९९२ नंतरचं आहे, म्हणजे ११६ कसोटी खेळून त्यांनी बॅट खाली ठेवली त्याच्या पुढचं.

१९९५ मध्ये त्यांनी ओव्हल मैदानावर अकादमी सुरू केली. चर्चगेटला उतरून हायकोर्टाकडे निघालात की वाटेत ओव्हल लागतंच. सुट्टीच्या दिवशी तिथं एका मॅचचा कव्हरवरचा फिल्डर आणि दुसरीचा मिडविकेटवरचा पाठीला पाठ लावून उभे असतात. आपल्याच वजनाची किटबॅग खांद्यावर घेऊन, विरार-कल्याणहून गर्दीच्या लोकलनं आलेली पोरं मैदानाच्या कडेला बसून पॅड बांधत असतात. या अकादमीत निवड गुणवत्तेवर होते आणि शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. चांगली इंग्लिश विलो लाकडाची बॅट घ्यायची म्हटलं तरी बेताच्या कमाईच्या घरात महिनाभराचा हिशेब कोलमडतो. वर कोचिंगची फी आली, की घरचे म्हणतात, बस झालं क्रिकेट, आता दहावीचं बघ. असं थांबलेलं पोर कुठल्याच स्कोअरबुकात सापडत नाही.

नुसतं शिकवून ते थांबले नाहीत. २००२ मध्ये भारतीय क्रिकेट बोर्डानं छोट्या शहरांतली गुणवत्ता हेरण्यासाठी वेगळा विभाग काढला, त्याचे ते अध्यक्ष होते. या विभागाची माणसं गावोगावच्या मॅचेस बघून अहवाल पाठवायची. त्यांतल्याच प्रकाश पोद्दार यांनी झारखंडच्या एका यष्टिरक्षकाचं नाव कळवलं, महेंद्रसिंग धोनी.

पुढं निवड समितीचे अध्यक्ष असताना, २००८ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या उदयोन्मुख खेळाडूंच्या एमर्जिंग स्पर्धेत त्यांनी विराट कोहलीचं शतक पाहिलं आणि श्रीलंका दौऱ्याच्या निवड बैठकीत तमिळनाडूचा फलंदाज बद्रीनाथ याच्याऐवजी त्याच्या नावाचा आग्रह धरला. त्यापायी आपलं पद गेलं, असं त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. ज्यांच्याकडे त्यांचा रोख होता, त्यांनी ते नाकारलं. त्या वादात मला शिरायचं नाही. एकोणीस वर्षांच्या पोराची एक खेळी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि त्या भरवशावर त्याच्या पाठीशी उभं राहायचं, याला जिगर लागते. निवृत्तीनंतर कॉमेंट्री बॉक्समध्ये बसणं किती सोपं होतं!

त्यांची आणखी एक अकादमी पिंपरी-चिंचवडला, थेरगावात आहे. कारखान्यांच्या पाळ्यांवर चालणाऱ्या या भागातल्या पोराला सरावाच्या चांगल्या नेटसाठी मुंबई गाठायची गरज राहिली नाही. ऋतुराज गायकवाड तिथलाच. लहानपणापासून त्या नेटमध्ये खेळून तो भारतीय संघापर्यंत पोचला.

३ डिसेंबर २०२५ ला रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ऋतुराजनं वनडेतलं पहिलं शतक ठोकलं, १०५ धावांचं. समोरच्या टोकाला कोहली होता, त्यानंही १०२ केल्या. दोघांची भागीदारी १९५ ची झाली. ती मॅच आपण हरलो. पण एक थेरगावच्या नेटमधला, दुसरा २००८ च्या त्या बैठकीतला, दोघं धावांसाठी एकमेकांना हाका मारताना दिसले आणि मी टीव्हीसमोर एकटीच टाळ्या वाजवत होते.