पोरीला पुण्याला टाकू का नागपूरलाच?

बारावीचा निकाल लागला की काटोलला आमच्या घरी कोणी ना कोणी येतंच. "ताई, पोरीला बीएस्सी करायची आहे. पुण्याला टाकू का नागपूरलाच?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते. मी नागपूरच्या एका साध्या कॉलेजात शिकले, आता शाळेत विज्ञान शिकवते. माझं उत्तर: नागपूरलाच. तिला हवा तो विषय इथे नसेल तर गोष्ट वेगळी.

काटोलहून नागपूर साठेक किलोमीटर. एसटीच्या विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. अर्धा वर्ग असाच उमरेड, कुही, रामटेककडून यायचा. पहिल्या बसवाल्यांचा डबा दहाच्या आतच संपे. मग शहरातल्या मैत्रिणी न बोलता आपला डबा पुढे सरकवायच्या.

दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "प्रकल्पासाठी घरून काही आणा." मी आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी निघणारी, संत्री नेली. रस गाळून १० मिली फ्लास्कमध्ये घेतला, स्टार्चचे थेंब टाकले, ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापनळीत, आयोडीन. थेंब पडला की निळी रेघ उमटे, फ्लास्क हलवला की विरून जाई. रसात क जीवनसत्त्व आहे तोवर ते आयोडीन संपवत राहतं. जीवनसत्त्व सरलं की पुढच्या थेंबातल्या आयोडीनमुळे स्टार्चचा निळा रंग टिकतो. पहिल्यांदा मी तोटी जास्त उघडली आणि सगळा रस काळाशार झाला. डोळ्यांत पाणीच आलं. प्रयोगशाळेतल्या काकांनी फ्लास्कखाली पांढरा कागद सरकवला. "काहून घाई करून राहिली, बेटा? कोणी हाकलून राहिलं का?" चारनंतरही त्यांनी दार उघडं ठेवलं होतं.

रात्रभर उघड्या ठेवलेल्या रसाला आयोडीन कमी लागलं. हवेनं क जीवनसत्त्व घटतं, हे पुस्तकात वाचलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं. घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग ट्रकात आठ दिवस राहिलेल्या संत्र्याचं काय होत असल?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला. खाली लिहिलं, 'विचारणारे: काटोलचे शेतकरी'. आमचा पुढचा महिना त्याच प्रश्नावर गेला. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेतही त्या आम्हाला घेऊन गेल्या. माझे बाबा दहावीही झालेले नाहीत, आणि त्यांचा प्रश्न कॉलेजच्या फळ्यावर! ते आठवलं की आजही ऊर भरून येतो.

आता त्या कॉलेजात डिजिटल फळा आलाय, नवी उपकरणं आलीत. चांगलंच झालं. पण प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी पोरीला घेऊन एकदा जाऊन या. चारनंतर जा, आणि प्रयोगशाळेचं दार उघडं आहे का, तेवढं बघा.