बूट नको, वेळ द्या

सैन्यात नव्यानं भरती झालेल्यांचे पाय मी तपासते, त्यामुळे घरच्यांचा एक प्रश्न ठरलेला: "पाय दुखू नयेत म्हणून बुटात घालायचे भारीतले इनसोल घेऊन देऊ का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. द्या हवं तर. पण पाय बुटापेक्षा घाईनं जास्त दुखतात.

दाब मोजणाऱ्या पट्टीवरून चालवलं की पडद्यावर तळव्याचा रंगीत ठसा उमटतो. टाच लाल, कमान जवळजवळ कोरी, पुढे चवडा. तेच पोर पाठीवर बोजा घेऊन लांब पल्ला चालून आलं की बोटांखालचा रंग फिकटतो आणि चवड्यावरचा लाल डाग वाढतो. बोटं खाली दाबून धरणारे स्नायू दमलेले असतात. त्यांच्या वाटचं काम हाडांवर पडतं. त्यातही दुसऱ्या बोटामागचं हाड लांब आणि बुडाशी पाचरीसारखं घट्ट बसलेलं, त्याला हलायला जागाच नाही. मग बारीक तडा जातो. 1855 साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरनं सैनिकांचे असे सुजलेले पाय नोंदवले, तेव्हा एक्स-रे नव्हता. आज आहे, पण पहिले दोन-तीन आठवडे तो बऱ्याचदा साफच येतो.

इनसोलचं म्हणाल तर, आधी बुटांचंच बघा: अमेरिकी सैन्यानं पायाची कमान बघून पळायचे बूट वाटून पाहिले. दुखापती काही घटल्या नाहीत. ब्रिटिश नौदलात मात्र दाब मोजून धोका दिसलेल्या 400 जणांपैकी निम्म्यांना मापाचे इनसोल दिले, त्यांना खरंच फायदा झाला. म्हणजे इनसोल कोणाच्या पायात जातो, याला महत्त्व.

हाड भाराला सरावतं, पण आधी झिजतं आणि मग भरतं, भरणं सावकाश. म्हणून भरतीच्या काही महिने आधीपासून चाला, त्याच बुटांत. अंतर आणि वजन एकाच आठवड्यात वाढवू नका.

आणि दुखणं अंगावर काढू नका, हे मी सांगते आणि पोरं मान डोलावतात आणि अंगावरच काढतात. त्यामुळे मी वेगळंच विचारते, "कुठं दुखतं?" थकलेला गडी अख्ख्या तळव्यावरून हात फिरवतो. एक जण मात्र काही न बोलता एकाच जागी एक बोट टेकवतो. त्याला मी त्या दिवशी पळू देत नाही.