केन्साई-मेज, हप्ता सातवा: तेरा स्क्रोल पाण्यात

बाल्डर्स गेट २ मधल्या माझ्या केन्साईला (बिनचिलखती तलवारबाज) मेज (जादूगार) म्हणून ड्युअल केलं, म्हणजे जुना वर्ग सोडून नवा पहिल्या लेव्हलपासून सुरू केला, आणि पहिल्याच संध्याकाळी तोंडावर आपटलो. नवा वर्ग जुन्याच्या एक लेव्हल पुढे जाईपर्यंत जुनं कौशल्य झोपलेलं असतं.

मागच्या हप्त्यात केन्साई आठव्या लेव्हलवर होता. उमर हिल्सची सावल्यांची भानगड निस्तरता निस्तरता २,५०,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) भरले, नववी लेव्हल आली आणि मी दुसरा विचार न करता बटण दाबलं. "ड्युअल करायला केन्साई १३ पर्यंत थांब" म्हणणाऱ्यांना पुन्हा सांगतो, १२,५०,००० पर्यंत केन्साई वाढवायचा आणि मग त्याला जागं करायला मेज १४ साठी आणखी १५,००,००० जमवायचे, एवढा दम माझ्यात नाही. ९ वर केलं की मेज १० ला, म्हणजे पुन्हा २,५०,००० वर, तलवार हातात परत.

तोवर मात्र हाल. ठॅको (वार लागण्याचा आकडा, जितका कमी तितका चांगला) १२ होता, केन्साईचा बोनस धरला तर ९, तो एका क्लिकमध्ये २० वर गेला. माझी तलवार, सेलेस्टियल फ्युरी ही कटाना, झोळीत पडून, कारण मेजला कटाना चालत नाही. एचपी (जीव) तेवढे राहतात. त्यामुळे सध्या माझा हिरो म्हणजे ९१ एचपीचा, काठी घेतलेला, बिनचिलखती शिकाऊ उमेदवार. काठी दुकानदार रिबाल्डकडची स्टाफ ऑफ रिन, जादूची, प्लस ४ ची. रिबाल्ड महाग आहे हे खरं, पण रेप्युटेशन चांगलं असेल आणि सर्कसच्या तंबूत मिळणारी ह्युमन इन्फ्लुअन्सची अंगठी घालून बोलायला गेलं तर तो बराच मऊ होतो. अंगठी न घालता त्याच्याकडे खरेदी करणाऱ्यांची मला कीव येते.

आता मूळ दुखणं. स्क्रोल (मंत्राची गुंडाळी) मेजच्या वहीत उतरवला की त्याच्या लेव्हलमागे १,००० एक्सपी मिळतात आणि ते वाटले जात नाहीत, लिहिणाऱ्याचे एकट्याचे. वरच्या लेव्हलचा स्पेल आज टाकता येत नसला तरी लिहिता येतो. म्हणून चॅप्टर दोन सुरू झाल्यापासून मी स्क्रोल केस भरत होतो. पार्टीतल्या एअरीने (तीही मेज) कितीदा आशेने पाहिलं असेल, तिला एकही दिला नाही. ड्युअलच्या दिवशी मोजले तर ४० निघाले: पहिल्या लेव्हलचे १०, दुसऱ्याचे ९, तिसऱ्याचे ८, चौथ्याचे ६, पाचव्याचे ५, सहाव्याचे २. बेरीज १,१३,०००. पहिल्या बैठकीतच मेज ८, अशी माझी गणितं.

पण यंदा मी कोअर रूल्स या कडक डिफिकल्टीवर खेळतोय. खालच्या डिफिकल्टीवर स्क्रोल फेल जात नाही, त्यामुळे आधीच्या दोन्ही खेळ्यांत हा प्रश्नच आला नव्हता. इंटेलिजन्स १७ म्हणजे शिकण्याची शक्यता ७५ टक्के. कॅरेक्टर बनवताना "ड्युअलला १७ लागतो, १७ पुरे" असं मीच दुसऱ्या हप्त्यात छातीठोकपणे लिहिलंय आणि उरलेला एक पॉइंट कॉन्स्टिट्यूशनला दिलाय. खाली एकाने विचारलंही होतं, पोशन ऑफ जीनियस (इंटेलिजन्स तात्पुरता वाढवणारं औषध) राखून ठेवलंस ना? ठेवलं होतं की. दोन बाटल्या होत्या. एक प्यायलो असतो तर इंटेलिजन्स २१, दोन्ही प्यायलो असतो तर २५ आणि शंभर टक्के खात्री. पण कथा पुढे न्यायला गेलन मागतो त्या २०,००० नाण्यांसाठी पैपैसा जोडताना पोशन केस रिकामी केली, त्यात त्याही गेल्या. पुढे गेलन १५,००० वर आला, ते वेगळंच.

४० पैकी १३ गेले. पहिले दोन फेल गेले तेव्हा हसलो. तिसऱ्या लेव्हलचे ओळीने तीन गेले तेव्हा खुर्चीतून उठून पाणी पिऊन आलो. आणि मग वार अडवणारा स्टोनस्किन गेला. माझ्याकडचा एकमेव. बरोबर त्याच बैठकीत सहाव्या लेव्हलचा प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्स मात्र सुखरूप वहीत बसला, जो मी मेज १२ ला, म्हणजे ७,५०,००० एक्सपीला टाकू शकणार आहे! आज ज्याच्यावर जीव तगायचा तो गेला, आणि जो अर्ध्या गेमनंतर कामाला येणार तो वहीत येऊन बसला.

रीलोड नाही. पार्टी पूर्ण मेली तरच रीलोड, हे पहिल्या हप्त्यातच ठरलंय. ईई कीपर (सेव्हमधले आकडे बदलणारं सॉफ्टवेअर) उघडून बघितला, हेही कबूल करतो. नुसता बघितला. तो बिल्ड तपासायला उत्तम आहे, पण एक आकडा बदलला की पुढच्या लढाईत मजा राहत नाही.

हिशोब असा: ७०,००० मिळाले, मेज ७, चौथ्या लेव्हलचे स्पेल उघडले. २,५०,००० ला अजून १,८०,००० हवेत. मारामारीचे एक्सपी सहा जणांत वाटले जातात, म्हणजे पार्टीने मिळून १०,८०,००० कमवायचे. वहीतला स्पेल पुसून तोच स्क्रोल पुन्हा लिहिण्याची युक्ती चालते, पहिल्या लेव्हलचे स्क्रोल स्वस्तही आहेत. पण दुकानदारासमोर बसून पाटी पुसायची आणि परत गिरवायची, याला मी लेव्हलिंग म्हणत नाही. ज्यांना करायचं त्यांनी करावं.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र झकास झाली. मिरर इमेज (स्वतःची खोटी प्रतिबिंबं उभी करणारा मंत्र) वहीत आहे. काल रात्री गल्लीत टोळीने गाठलं, पार्टीतल्या इन्क्विझिटर केल्डॉर्नने डिस्पेल (जादू उतरवणारा मंत्र) मारून त्यांच्या मेजची सगळी कवचं उडवली (इन्क्विझिटरचा डिस्पेल दुप्पट लेव्हलने चालतो, हे दर हप्त्यात लिहीन), आणि माझा काठीवाला प्रतिबिंबांच्या गर्दीत उभा राहून त्या मेजला बडवत होता. पाच वारांत एक लागला. पण शेवटचा घाव त्याचाच.

पुढचा बेत: पार्टी चारची करायची. मी, जहेरा, केल्डॉर्न, एअरी. मग ७,२०,००० वर भागतं. कुलपांना माझ्याकडे नॉक आहे, सापळे एअरी फाइंड ट्रॅप्सने दाखवेल आणि समन केलेला एखादा बिचारा त्यांच्यावरून चालत जाईल. आमचा चोर योशिमो, त्याला कॉपर कोरोनेट खानावळीत बसवू. त्याची पुढची कहाणी माहीत असलेले आता हसत असतील.

हे लिहिता लिहिता सहावा गडी मिन्स्कला निरोप द्यायला गेलो होतो. त्याने बूचं, त्याच्या लाडक्या हॅमस्टरचं, नाव काढलं. झालं. मिन्स्क राहतोय, पार्टी पाचची, ९,००,०००.

आणखी एक डोक्यात आलंय. क्रूकेड क्रेन खानावळीतल्या त्या लपलेल्या खोलीत लिच (मेल्यावरही वावरणारा मेज) आहे. प्रोटेक्शन फ्रॉम अनडेडचा स्क्रोल वाचला की त्याला मी दिसतच नाही, आणि प्लस ४ ची काठी त्याच्यावर चालते. ठॅको वाईट आहे, पण वेळ कुणाला कमी आहे? बाकी सगळे बाहेर उभे राहतील, वाटा घ्यायला तेवढे पुरतात. तो स्क्रोल आज रात्री विकत घेतो. आणि रिबाल्डच्या यादीत जीनियस दिसलं, तर विकलेल्या किमतीच्या कितीपट पडेल ते न बघता उचलतो.