गर्भधारणेच्या दिवसावरून प्रसूतीची तारीख काढताना: माझा अनुभव

माझी पाळी साधारण ४० दिवसांनी येते, आणि पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर फिरला. २०२३ मध्ये दिवस राहिल्यावर पहिल्या तपासणीला परिचारिकेने शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारला. मी ४ जानेवारी सांगितल्यावर तिने कागदी गोल चकती फिरवून ११ ऑक्टोबर ही तारीख लिहिली आणि नंतर आशाताईंनी माता आणि बाल सुरक्षा कार्डावरही तीच उतरवली.

ही रीत जर्मनीतील हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. पाळीच्या पहिल्या दिवसात ७ दिवस मिळवून ९ महिने पुढे जायचे, म्हणजे एकूण २८० दिवस होतात. मात्र त्यात पाळीचे चक्र २८ दिवसांचे आणि स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडते असे गृहीत धरलेले असते. चक्र लांबते तेव्हा बहुधा त्याचा पहिला भाग लांबतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण १४ दिवसांचाच राहतो. माझ्या बाबतीत ते सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवसाच्या आसपास घडणार हे उघड होते.

आम्ही मूल होण्यासाठी प्रयत्न करत असल्यामुळे माझ्याकडे अंदाजापेक्षा पक्की नोंद होती. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ओव्हुलेशन किटच्या पट्टीवर २९ जानेवारीला ठळक रेघ आली होती आणि त्यानंतर साधारण एक ते दीड दिवसात स्त्रीबीज बाहेर पडते. सकाळी उठण्यापूर्वी मोजलेले तापमानही लगेचच सुमारे अर्धा अंश फॅरनहाइटने वाढून तसेच टिकले होते. म्हणून आम्ही गर्भधारणेचा दिवस ३० जानेवारी धरला. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते: संबंधाचा दिवस म्हणजे गर्भधारणेचा दिवस नव्हे, कारण शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, तर स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते. त्यामुळे स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस हाच अधिक भरवशाचा.

त्या दिवसात २६६ दिवस मिळवायचे. हाताने करायचे असेल तर ९ महिने पुढे जाऊन ७ दिवस वजा करावेत. ३० जानेवारीवरून ३० ऑक्टोबर आणि त्यातून ७ दिवस वजा जाता २३ ऑक्टोबर. चकतीच्या तारखेपेक्षा पूर्ण १२ दिवस पुढे! २८० आणि २६६ यांतला १४ दिवसांचा फरक माझ्या पतीला फार बुचकळ्यात टाकत होता, कारण वैद्यकीय कागदांवर गर्भाचे वय पाळीपासून मोजतात आणि त्यामुळे गर्भधारणेच्या दिवशीच ते दोन आठवडे भरते. माझ्या नणंदेचे उपचार टेस्ट ट्यूब बेबी पद्धतीने झाले होते. तिच्या बाबतीत पाचव्या दिवसाचा गर्भ सोडल्यामुळे त्या तारखेत २६१ दिवस मिळवले आणि शंकेला जागाच उरली नाही.

मी पाळीचे चक्र आणि पट्टीची तारीख एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती केस पेपरवर नोंदवली, पण निर्णय सोनोग्राफीनंतर घेऊ असे सांगितले, आणि मला ते योग्यच वाटले. पहिल्या तिमाहीत गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात, कारण त्या काळात बहुतेक गर्भ जवळजवळ सारख्या गतीने वाढतात. १० एप्रिलच्या तपासणीत ही लांबी ५५ मिलिमीटर आली, म्हणजे गर्भ १२ आठवडे १ दिवसाचा होता. चकतीच्या हिशेबाने तो १३ आठवडे ५ दिवसांचा असायला हवा होता. सोनोग्राफीची तारीख २२ ऑक्टोबर निघाली, आमच्या हिशेबापेक्षा फक्त एक दिवस अलीकडची. डॉक्टरांनी तीच कायम केली आणि मी कार्डावरची तारीखही आग्रहाने बदलून घेतली.

हा आग्रह किती आवश्यक होता ते पुढे दोनदा जाणवले. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत तिसरीच तारीख छापून आली, तेव्हा डॉक्टरांनी समजावले की त्या टप्प्यावर बाळांच्या वाढीत इतका फरक असतो की तारखेचा अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो, म्हणून पहिल्या तिमाहीत ठरलेली तारीख बदलायची नाही. नंतर १८ ऑक्टोबर आला. जुन्या तारखेप्रमाणे त्या दिवशी मला ४१ आठवडे पूर्ण झाले असते आणि औषधाने कळा आणण्याचा विचार सुरू झाला असता. सासूबाई त्यांच्या नऊ महिने नऊ दिवसांच्या मोजणीने काळजीत पडल्या होत्या, पण कायम केलेल्या तारखेप्रमाणे माझे ३९ आठवडे ३ दिवसच झाले होते. बाळाची हालचाल आणि हृदयाचे ठोके व्यवस्थित असल्याने डॉक्टरांनी थांबायचे ठरवले.

२५ ऑक्टोबरला कळा आपोआप सुरू झाल्या आणि त्याच दिवशी मुलगी झाली. डिस्चार्ज कार्डावर ४० आठवडे ३ दिवस अशी नोंद आहे.