चार मिनिटं पाठ, सहा मिनिटं मनाने

मुलीच्या वर्गाने यंदा ‘वी द पीपल’ या अमेरिकेतल्या राज्यघटनेवरच्या शालेय स्पर्धेत भाग घेतलाय. रिजनल हिअरिंगला, म्हणजे विभागीय फेरीला, पालकांपैकी कोणीतरी टाइमकीपर हवं होतं, मी हात वर केला. टाइमकीपरला आपल्या मुलांच्या खोलीत बसवत नाहीत, त्यामुळे शनिवारचा अख्खा दिवस मी स्टॉपवॉच घेऊन दुसऱ्या शाळांची अनोळखी मुलं ऐकत होते. घरी आले ते डोकं भरूनच, आता तीन दिवस झाले तरी उतरत नाहीये म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या राज्यघटनेला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९८७ साली, हा कार्यक्रम सुरू झाला, कॅलिफोर्नियातली सेंटर फॉर सिव्हिक एज्युकेशन ही संस्था तो चालवते. मुलं म्हणजे काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) समितीपुढे साक्ष द्यायला आलेले तज्ज्ञ, आणि समोर जज बसतात ती समिती. जज म्हणजे वकील, प्रोफेसर, कधी खरेखुरे न्यायाधीश. वर्गाचे सहा गट, प्रत्येकाला एक युनिट, घटनेमागच्या विचारांपासून ते २१व्या शतकातल्या अडचणींपर्यंत. आधी चार मिनिटांचं लिहून तयार केलेलं निवेदन, मग सहा मिनिटं जजचे प्रश्न.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इथे अख्खा वर्ग उतरतो. बोलके चार जण निवडून पाठवले आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या असं नाही. सहाही गटांचे मार्क एकत्र होतात, म्हणजे मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलालाही चौदावी घटनादुरुस्ती (१८६८ची, कायद्याचं समान संरक्षण देणारी) समजून घ्यावीच लागते, आणि ती त्याला समजावी म्हणून बाकीचे धडपडतात.

पण खरी गंमत त्या सहा मिनिटांत असते. निवेदनाच्या वेळी कागद चालतो, प्रश्नोत्तरात हातात काही नसतं.

एका खोलीत युनिट ५ होतं, मूलभूत हक्कांचं. विषय शाळेतल्या भाषणस्वातंत्र्यावर आला. एका मुलाने टिंकर केस मांडली, १९६५ मध्ये आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात काही मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात काळ्या फिती बांधल्या, शाळेने त्यांना घरी पाठवलं, त्यातली मेरी बेथ टिंकर तेव्हा १३ वर्षांची होती, आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने मुलांच्या बाजूने निकाल दिला. छान सांगितलं त्याने, अडखळला नाही. मग जजबाईंनी विचारलं, आणि मूल शनिवारी घराबाहेर फोनवरून शाळेबद्दल काहीबाही लिहीत असेल तर? शेजारच्या मुलीने लगेच २०२१ची महनॉय केस काढली, चीअरलीडर मुलीने स्नॅपचॅटवर शिव्या घातल्या होत्या, ८ विरुद्ध १ ने तीही जिंकली, पण शाळेबाहेर शाळेचा अधिकार अजिबातच नाही असं मात्र कोर्ट म्हणालं नाही. इथपर्यंत सगळं अभ्यासातलं. जजबाई म्हणाल्या, मग मला सांगा, शाळा नेमकी संपते कुठे?

पाच-सहा सेकंद कोणीच बोललं नाही. माझ्या घड्याळात ते फार लांब वाटतात हो.

मग तोवर एक शब्दही न बोललेला मुलगा हळू आवाजात म्हणाला की जागेवरून ठरवूच नये, त्या बोलण्याने वर्गात शिकणं बंद पडतं का ते बघावं, कुठून बोललं त्याने फरक पडू नये. त्यावर ती महनॉयवाली मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, मी आत्ता याच्याशी सहमत होणार होते, पण मग मूल २४ तास शाळेच्याच ताब्यात राहील, आईबापांनी काय करायचं मग? तो मुलगा म्हणाला, हो, हे मी धरलंच नव्हतं. आणि दोघं मिळून तिथल्या तिथे दुसरं उत्तर रचायला लागले! एकाच टीममधली मुलं, मार्क चालू असताना, एकमेकांना खोडतायत आणि कोणाला त्याचं काही वाटत नाहीये. वाद-स्पर्धेत बाजू वाटून दिलेली असते, ‘हे मी धरलं नव्हतं’ म्हणालात की हरलात. इथे समोर प्रतिस्पर्धी टीमच बसलेली नसते.

एक तक्रार आहे, ती पण लिहितेच. दुसऱ्या एका खोलीत एका जजनी नुसता प्रश्न विचारायला जवळजवळ दीड मिनिट घेतलं, स्वतःचे अनुभव वगैरे सांगत. सहातलं दीड! मुलं बिचारी अदबीने ऐकत राहिली, मला मध्ये बोलायची परवानगी नाही. वाईट वाटलं मला. जेवणाच्या सुट्टीत संयोजकांना सांगितलं आणि त्यांनी सगळ्या जजना आठवण केली, दुपारी बरंच सुधारलं. ही मुलं कित्येक महिने तयारी करून येतात, त्यांच्या वेळेतला एकेक सेकंद त्यांचाच आहे. पैशाचंही तसंच, २०११ पर्यंत या कार्यक्रमाला काँग्रेसकडून थेट निधी मिळायचा, तो बंद झाला, आता नॅशनल फायनल्सला वॉशिंग्टनच्या भागात जायचं तर टीमने वर्गणी गोळा करत फिरायचं. नागरिकशास्त्रासाठी एवढे पैसे काढता येत नाहीत हे मला पटत नाही.

आमच्या लेकीचं युनिट २, म्हणजे घटना लिहिली कशी गेली. महिन्याभरापूर्वी ती मला घटनाकारांपैकी एक असलेल्या मॅडिसनचा १७८८चा ‘फेडरलिस्ट ५१’ हा लेख ऐकवत होती, एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेने आवर घालायचा, म्हणून सत्ता वाटून ठेवायची. मी सहज विचारलं, अगं पण काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष एकाच पक्षाचे असले तर कोण कोणाला आवरणार? ती जाम चिडली, आई हे प्रश्नात नाहीये. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता बाहेर आली आणि म्हणाली, पक्ष एवढे घट्ट होतील हे घटना लिहिणाऱ्यांनी धरलंच नव्हतं, आवर घालणारी माणसं आपल्या सभागृहाशी इमान राखतील असं त्यांना वाटलं, ती पक्षाशी राखतात.

तेव्हापासून मला कळलं की घरी निवेदन पाठ करून घेण्यात अर्थ नाही, प्रश्नच विचारायचे, आणि १५ सेकंदांत विचारून गप्प बसायचं.

लेकीचा वर्ग स्टेटला, म्हणजे राज्य पातळीच्या फेरीला, पोचलाय! गुरुवारी त्यांच्यातली युनिट ५ची पोरं आमच्याकडे प्रॅक्टिसला येतायत. मी पहिला प्रश्न काढून ठेवलाय: रात्री घरी बसून, पण शाळेने दिलेल्या लॅपटॉपवर लिहिलं, तर ते शाळेत लिहिलं की घरी?