शिक्षा चार तारखेची, जबाब सहा तारखेचा

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनलवर असल्यामुळे कैद्यांचे अर्ज माझ्याकडे नेहमीच येतात. बहुतेक अर्ज जामिनाचे, अपिलाचे किंवा फर्लोचे, म्हणजे शिक्षेच्या काळात मिळणाऱ्या ठरावीक रजेचे असतात. तो अर्ज मात्र वेगळा होता. दहा वर्षांची सक्तमजुरी भोगणाऱ्या एका शिक्षाबंद्याने आखीव कागदाच्या चार पानांवर, स्वच्छ अक्षरात, उच्च न्यायालयाला कळवले होते की कारागृह अधीक्षकांनी त्याची ४५ दिवसांची माफी कापली, एक महिना त्याला वेगळ्या कोठडीत ठेवले आणि हे करण्यापूर्वी त्याला काहीही विचारले नाही. माफी म्हणजे काम आणि चांगली वर्तणूक यांच्या बदल्यात शिक्षेतून वजा होणारे दिवस. ते कापले की सुटकेची तारीख तेवढीच पुढे जाते. ज्या अधीक्षकांविरुद्ध तक्रार होती, त्यांच्याच सहीशिक्क्याने तो अर्ज न्यायालयात पोहोचला होता. न्यायालयाने त्यालाच रिट याचिका, म्हणजे सरकारी यंत्रणेच्या कृतीविरुद्ध थेट उच्च न्यायालयाकडे मागितलेली दाद, मानून त्याची वकील म्हणून माझी नेमणूक केली.

आरोप असा होता की झडतीत बराकीच्या शौचालयाच्या खिडकीत एक मोबाईल सापडला आणि दोन कैद्यांनी तो याचाच असल्याचे सांगितले. बराकीत साठावर माणसे होती, त्यामुळे ‘मोबाईल त्याचा नव्हताच’ अशी मांडणी मी मनाशी करू लागले होते. व्हिडिओ कॉन्फरन्सवरच्या भेटीत त्याने मला मध्येच थांबवले. “मॅडम, मोबाईल कोणाचा ते बाजूला ठेवा. मला कधी विचारलं, एवढंच त्यांना सांगायला लावा.” वीस वर्षांच्या वकिलीनंतर एका पक्षकाराने माझा मुद्दा दुरुस्त केला, हे थोडे लागले, पण त्याचे बरोबर होते. रिट याचिकेत उच्च न्यायालय पुरावा नव्याने तोलत बसत नाही, निर्णय कोणत्या पद्धतीने झाला ते पाहते.

कारागृह अधिनियम, १८९४ च्या कलम ४५ मध्ये कारागृहातील अपराधांची यादी आहे, तर कलम ४६ नुसार अधीक्षकच चौकशी करतो, निर्णय देतो आणि शिक्षाही ठरवतो. या सत्तेला खरा लगाम सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर १९७९ रोजी सुनील बात्रा यांच्या दुसऱ्या प्रकरणात घातला. तेही प्रकरण एका पत्रातूनच उभे राहिले होते. तिहारमध्ये मृत्युदंडाच्या शिक्षेखाली असलेल्या बात्रा यांनी दुसऱ्या एका कैद्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल ते लिहिले होते. एकांत कोठडी, सवलती काढून घेणे यांसारखी शिक्षा सत्र न्यायाधीशांच्या न्यायिक पडताळणीशिवाय देऊ नये आणि तातडीमुळे आधी कळवणे शक्य नसेल तर दोन दिवसांत कळवावे, असे त्या निकालात बजावले आहे. आमच्या प्रकरणात सत्र न्यायाधीशांकडे कागद गेला तो एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे कोठडीतला अर्ध्याहून अधिक काळ उलटल्यावर, आणि त्यावर ‘मान्य’ एवढाच एक शब्द लिहिलेला होता.

सुनावणीच्या दिवशी खंडपीठाच्या आदेशानुसार तुरुंगाधिकारी मूळ शिक्षा नोंदवही घेऊन हजर होते. सरकारी वकिलांनी जो मुद्दा मांडला, त्याची मला आदल्या रात्रीपासून धास्ती होती. कलम ५१ प्रमाणे गंभीर अपराधात साक्षीदारांची नावे नोंदवायची असतात. पुराव्याचा सारांश, कैद्याचा बचाव आणि कारणे लिहिण्याचे बंधन मात्र केवळ फटक्यांच्या शिक्षेपुरते आहे. इथे फटके दिलेले नाहीत, नावे लिहिली आहेत, मग चूक कुठे झाली? कलमाच्या शब्दांत हे बसत होते, हे मान्य करायला हवे. न्यायमूर्तींनी शांतपणे विचारले, “वहीत काय लिहायचे ते हे कलम सांगते. माणसाला ऐकू नका, असे कुठे सांगते?”

सरकारी वकील उत्तर जुळवत असताना न्यायमूर्ती नोंदवहीची पाने उलटत होते. एका पानावर ते थांबले आणि त्यांनी तुरुंगाधिकाऱ्यांना पुढे बोलावले. शिक्षेच्या नोंदीवर चार तारीख होती आणि त्याच सायंकाळी कैद्याला कोठडीत हलवल्याची नोंद खाली होती. मागे टाचलेल्या जबाबात ‘मला काही सांगायचे नाही’ असे एकच वाक्य, त्याखाली कैद्याची सही, आणि सहीखाली सहा तारीख. “क्लेरिकल मिस्टेक असेल, साहेब,” तुरुंगाधिकारी म्हणाले. त्यावर न्यायमूर्तींनी वही उलटी फिरवून त्यांच्यासमोर ठेवली आणि तारीख मोठ्याने वाचायला सांगितली. मला मिळालेल्या झेरॉक्समध्ये ती तारीख शिक्क्याखाली दडली होती. मूळ वही मागवण्याची विनंतीही माझी नव्हती, न्यायालयाने ती आपणहून मागवली होती. तेव्हा या शोधाचे श्रेय माझ्याकडे येत नाही.

दुपारनंतर आदेश झाला. शिक्षा रद्द झाली आणि ४५ दिवसांची माफी पूर्ववत करण्यात आली. आरोप लेखी देऊन, म्हणणे मांडण्याची संधी देऊन नव्याने चौकशी करण्याची मोकळीक प्रशासनाला राहिली. कोठडीत गेलेल्या महिन्याबद्दल मी तोंडी नुकसानभरपाई मागितली, तेव्हा याचिकेत तशी मागणीच नाही हे खंडपीठाने दाखवून दिले. ती चूक माझी होती. नेमणूक झाल्यावर याचिकेत दुरुस्ती करून घेण्यासाठी माझ्याकडे पुरेसा वेळ होता, आणि मी तो त्या मोबाईलच्या मागे घालवला.

नवी चौकशी झाली नाही. ज्यांच्या सांगण्यावर सारे उभे होते ते दोघे कैदी तोवर सुटून गेले होते. सुमारे दीड महिन्याने त्याचे पत्र आले, तसेच आखीव कागदावर आणि त्याच सहीशिक्क्याने. माफीचे दिवस परत जमा झाले होते. पण त्याच्या तिकिटावर, म्हणजे कारागृहात प्रत्येक कैद्याच्या नावे असणाऱ्या नोंदपत्रकावर, त्या शिक्षेची नोंद तशीच होती, आणि तीच वाचून त्याचा फर्लोचा अर्ज नामंजूर झाला होता. पत्राच्या शेवटी त्याने आदेशाच्या प्रमाणित प्रती मागितल्या होत्या, एक स्वतःसाठी आणि एक तिकिटाला टाचण्यासाठी.