निदानाचे पैसे

परवा गॅरेजचं बिल हातात आलं. पहिली ओळ: निदान, दोन तास, ३१० डॉलर. दुसरी ओळ: रबरी नळी आणि एल्बो (नळीचा वाकडा जोड), १४ डॉलर. कोल्हापूरला दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "नुसतं बघायचे तीनशे? लुटलं की रे तुला!" मला लुटल्यासारखं अजिबात वाटलेलं नाही. का वाटलं नाही, ते नीट सांगावं म्हणून हे लिहितोय.

गाडी म्हणजे १९९६ ची डॉज रॅम २५०० पिकअप. "कॅनडात जाऊन एवढी जुनी गाडी?" हे घरच्या प्रत्येक कार्यात कुणी ना कुणी विचारतंच. तिच्यात कमिन्सचं ५.९ लिटरचं बारा व्हॉल्व्हचं डिझेल इंजिन आहे. जमशेदपूरला बनून टाटाच्या मालट्रकांत बसतं ना, त्याच घराण्यातलं. इथे उत्तर अल्बर्टात, ग्रँड प्रेअरीच्या बाहेर, उणे तीसमध्येही ते सुरू होतं. रात्री इंजिन ऊबदार ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर तेवढी लावून ठेवायची. नव्या पिकअपचा हप्ता भरत बसण्यापेक्षा मला हे इंजिन शंभर पटींनी पसंत आहे, आणि ज्यानं टाटाचा ट्रक घाटात चढताना ऐकलाय त्याला हे पटवून द्यायला लागू नये.

बिघाड असा होता. गिअरशेजारचा दांडा फोर-व्हीलमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर मिळावा म्हणून, ओढला की जागेवर बसायचा, पण डॅशबोर्डवरचा दिवा लागायचा नाही आणि बर्फात फक्त मागची चाकं जागच्या जागी गरगरायची. शिवाय दांडा ओढला की पायाशी येणारा हीटरचा गरम वारा आपोआप समोरच्या काचेकडे वळायचा. ही दुसरी गोष्ट ऐकली आणि काउंटरपलीकडची मेकॅनिक लिहायची थांबली. "हे आधी कुणाला सांगितलं होतंत?" तिनं विचारलं.

या मॉडेलचा पुढचा उजवा हाफ शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारी आस, सलग नसतो, दोन तुकड्यांत असतो. एरवी ते सुटे फिरतात. फोर-व्हील लावली की एक कॉलर सरकून त्यांना जोडते. कॉलर सरकवायला काटा आणि काटा ढकलायला व्हॅक्युम, म्हणजे हवा खेचून केलेली पोकळी. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा आयता व्हॅक्युम नसतो, म्हणून इंजिनावर त्याचा वेगळा पंप. त्याच व्हॅक्युमवर हीटरच्या झडपाही चालतात, आणि तो कमी पडला की वारा काचेकडे जातो. म्हणजे गळती कुठे तरी नळ्यांच्या जाळ्यात असणार, हे तिला पान्याला हात लावायच्या आधीच कळलं होतं. ड्रायव्हरला चिखलात उतरायला लागू नये म्हणून एवढा खटाटोप! आपल्या जिप्सीत उतरून हबवरची चकती हातानं फिरवली की काम झालं. मला विचाराल तर तीच व्यवस्था सरस.

तरी तिनं अंदाजावर काहीच बदललं नाही. इथे एक नियम मला फार खुपतो: गिऱ्हाईकानं आत यायचं नाही, विम्याची अट आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या शेजारी डबा उलटा टाकून बसत लहानाचा मोठा झालो. इथे काचेआडून बघायचं. माझी घालमेल तिला दिसली असावी. तिनं सेफ्टीचा चष्मा हातात दिला आणि पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं राहू दिलं.

पुढची दोन्ही चाकं अधांतरी, एक्सल घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), इंजिन बंद, दांडा फोर-व्हीलमध्ये. आधी तिनं पुढच्या एक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट हातानं फिरवून पाहिला. घट्ट. म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर वळवणारी ट्रान्सफर केस आपलं काम करत होती. मग डावं चाक फिरवलं. शाफ्ट धरलेला असताना दोन चाकांमधल्या डिफरेंशियलच्या गिअरांमुळे उजवं चाक उलटं फिरायला हवं. ते हललंच नाही. काटा ढकलणाऱ्या, एक्सलवरच्या व्हॅक्युम मोटरची नळी काढून तिनं व्हॅक्युमचा हातपंप जोडला आणि दाबला. आतून 'खट' असा आवाज आला, गेजची सुई जागेवर ठाम राहिली. पुन्हा डावं चाक फिरवलं, आणि आता उजवं संथपणे उलटं फिरलं. मोटर चांगली, कॉलर चांगली, काटा चांगला. मग इंजिन सुरू करून त्याच नळीच्या टोकाला गेज लावला. व्हॅक्युम २० इंच (पाऱ्याचे) तरी दिसायला हवा होता, सुई ८ च्या पुढे सरकेना. ट्रान्सफर केसवरच्या स्विचच्या नळ्या उपटून त्यांत तेल शिरलंय का ते पाहिलं, कारण त्याचं सील गेलं की तेल नळ्यांत ओढलं जातं. कोरड्या होत्या. मग फूटभर, फूटभर करत माग काढला. एक्सलच्या वरच्या बाजूला एका एल्बोला केसाएवढी चीर होती. थंडीनं रबर कडक होऊन तडकलं होतं.

त्या रात्री मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "व्हॅक्युम कसला घेऊन बसलायस, केबल टाक की! आत बसून ओढायची." मला इतका अभिमान वाटला! या ट्रकांसाठी तशी केबल खरोखरच विकत मिळते, व्हॅक्युमला वैतागलेले लोक तीच बसवतात. मिस्त्रींनी हा ट्रक कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

पण दादाला मी जे ऐकवलं ते इथेही लिहितो. मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून इंजिन ओळखतात, आणि त्या ओळखण्याचा एक रुपया त्यांना आजवर कुणी दिलेला नाही. पैसे मिळतात ते पार्ट बदलल्याचे. मग नुसतं बघून सांगणारा मागे पडतो आणि चार पार्ट बदलून टाकणारा कमावतो. मिस्त्रींचा मुलगा गॅरेजमध्ये आला नाही, पुण्याला नोकरीला गेला. त्याला दोष कसा द्यायचा? ही मेकॅनिक चार वर्षं उमेदवारी करून परीक्षा देऊन आली आहे, आणि तिच्या डोक्याचे पैसे बिलात वेगळ्या ओळीत लिहिलेले असतात. तिनं व्हॅक्युम मोटर बदलून मोठं बिल केलं असतं तर मी मुकाट्यानं भरलं असतं, आणि फोर-व्हील लागलीच नसती.

नळ्या शोधताना तिनं पहारीनं पुढची चाकंही उचकटून पाहिली. शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस ठीक आहेत, उजवीकडचा खालचा बॉल जॉइंट (ज्यावर चाक वळतं तो सांधा) मात्र हलतोय, हे तिनं बिलाच्या तळाशी लिहून दिलंय. तो एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर बदलायचा. निदान झालेलं असल्यामुळे तेव्हा फक्त पार्ट आणि मजुरी, असंही तिथेच लिहिलंय. दादाला त्या ओळीचा फोटो पाठवलाय.